हवा गेलेली दिसत नाही

संपादक महोदय,

खोपोलीजवळ माझं टायरचं दुकान आहे. हल्ली सेकंडहँड बीएमडब्ल्यू घेणारे वाढलेत आणि त्यातले निम्मे ठासून सांगतात, "रन-फ्लॅट टायर आहेत, पंक्चर होत नाहीत." होतात. खिळा घुसला की हवा जातेच. बाजू जाड, कडक रबराच्या असल्याने टायर गाडीचं वजन पेलून धरतो, इतकंच.

गोम तिथेच आहे. टायर बसलेला दिसत नाही, त्यामुळे लाथ मारून हवा तपासणारे हमखास फसतात. डॅशबोर्डवरचा टायरमधली हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा हाच काय तो इशारा, आणि 'सेन्सर खराब असेल' म्हणून लोक तसेच शंभरने हाणतात.

हवा गेल्यावर ताशी ८० च्या आत, फार तर ८० किलोमीटर, असं बहुतेक कंपन्या सांगतात. गाडी भरलेली असेल तर त्याहूनही कमी. कळंबोली ते किवळे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटर, त्यात बोरघाट. कळंबोलीला दिवा लागला तर पुणं गाठायचा नाद सोडा. जवळचं टायरचं दुकान गाठा.

खरा वाद त्यानंतर होतो. "पंक्चर काढून द्या, टायर नवाच आहे." हवा नसताना पळवलेला टायर रिमवरून उतरवला की आतून रबराचा काळा भुसा पडतो. बाजू आतून घासून संपलेली असते. त्याला पॅच लावून उपयोग नाही. मी नकार दिला की गिऱ्हाइकाला वाटतं, हा नवा टायर गळ्यात मारतोय. (विकायला आवडतंच, खोटं कशाला बोलू!) लगेच थांबलेल्या गाडीचा, मधल्या नक्षीत खिळा घुसलेला टायर काही कंपन्या दुरुस्त करू देतात, काही तेवढंही नाही.

कडक रन-फ्लॅटमुळे धक्के बसतात म्हणून त्याजागी साधे टायर टाकायला माझी हरकत नाही. पण यातल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, हे विकणारा सांगत नाही. जुनी गाडी घेताना टायरच्या बाजूवरची रन-फ्लॅटची अक्षरं वाचा: ब्रिजस्टोनवर 'आरएफटी', गुडइयरवर 'आरओएफ', मिशेलिनवर 'झेडपी'. चारही चाकांवर वाचा. दोन रन-फ्लॅट, दोन साधे अशाही गाड्या माझ्याकडे येतात.

– एक टायर दुकानदार, खोपोली