साखळी पक्की, पण पहिला आकडा खरा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतातल्या सेन्सरची माहिती ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या प्रती असलेल्या नोंदींच्या साखळीत, टाकली की ती सुरक्षित झाली, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. द्राक्षबागायतदार म्हणून मला हे अर्धेच पटते.

ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक नोंदीचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश, काढून तो पुढच्या नोंदीत गुंफतात. मागचा एक आकडा कोणी बदलला तर पुढचे ठसे जुळत नाहीत आणि लबाडी उघडी पडते. मात्र यंत्राने मुळातच चुकीचा आकडा पाठवला, तर साखळी तोच जन्मभर जपून ठेवते.

हवामान आधारित फळपीक विम्यात हा प्रश्न थेट आमच्या पैशाचा आहे. गारपीट वगळली तर बागेत येऊन नुकसान कोणी मोजत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचे आकडे ठरलेल्या निकषात बसले तरच भरपाई मिळते. पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला की पाऊस कमी दिसतो. तापमापक भिंतीलगत बसवला की रात्रीची थंडी कमी भरते. बाग गेलेली असते आणि कागदावर काहीच झालेले नसते.

म्हणून प्रत्येक आकड्यावर यंत्रानेच, जागेवरच, डिजिटल सही करावी, म्हणजे वाटेत आकडा बदलला तर कळेल. केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पोचल्यावर नव्हे. यंत्र कधी तपासले, कधी दुरुस्त केले, याच्या नोंदीही त्याच साखळीत हव्यात. साखळीच्या प्रती कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांकडेही राहाव्यात. सगळे संगणक एकाच कंपनीच्या हाती असतील तर ब्लॉकचेन म्हणवून घेण्यात काय अर्थ आहे?

आणखी एक काळजी आहे. गट नंबर, फवारण्या, उत्पादन ही शेतकऱ्याची खासगी माहिती साखळीत जशीच्या तशी घालू नये. तिथे गेलेले पुसता येत नाही आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. साखळीत फक्त ठसा असावा, मूळ माहिती बाहेर, शेतकऱ्याच्या संमतीने.

आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या सुमारास धरणाऱ्या बहाराच्या) फळपीक विम्याची पुढची अधिसूचना निघेल तेव्हा कृषी विभागाने निदान एक अट घालावी: मंडळाच्या केंद्राची रोजची मूळ नोंद, यंत्राच्या शेवटच्या तपासणीच्या तारखेसह, प्रत्येक विमाधारकाला त्याच दिवशी मोबाइलवर दिसली पाहिजे.

आपला,
एक द्राक्षबागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक