ब्रिटनमधील ‘मोफत’ उपचार

‘ब्रिटनमध्ये उपचार मोफत’ असे सरसकट सांगणारा आपल्या पुरवणीतील लेख ज्येष्ठांची दिशाभूल करणारा आहे. दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी आरोग्य अधिभार (वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना ७७६) भरणाऱ्यांना ही सेवा मिळते. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना, आणि ठाण्यातून असे पुष्कळ जण जातात, ती लागू नाही. इंग्लंडमध्ये आपत्कालीन कक्षातील तपासणी विनामूल्य असते. पण दाखल करून घेतले की नेहमीच्या दराच्या दीडपट बिल लागते. ५०० पौंड वा अधिक रक्कम दोन महिने थकली, तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणून प्रवास विमा घ्यावाच आणि अर्जात मधुमेह, रक्तदाब लपवू नये. दावा तिथेच अडतो.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे