फुंकर जुलैत मारून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फुंकर मारून आजार ओळखणाऱ्या सेन्सरची बातमी आपल्या अंकात वाचली. मी तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये गॅस डिटेक्टर दुरुस्त केले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतून ते यायचे. शिवाय घरी बायकोचं डायलिसिस चालू आहे. म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

जुन्या डिटेक्टरमधला टिन ऑक्साइडचा मणी 200 ते 400 अंशांपर्यंत तापवावा लागतो, तेव्हा कुठे तो वायूला दाद देतो. हीटर वीज खातो, म्हणून खिशात मावणारं यंत्र करायचं म्हटलं की अडतं. आता टिन ऑक्साइडला पॉलिॲनिलीन (वीज वाहून नेणारं प्लास्टिक) किंवा ग्राफीनची (कार्बनचा अतिपातळ पापुद्रा) जोड देऊन न तापवता चालणारे सेन्सर बनवतात. हिरवं पॉलिॲनिलीन अमोनिया लागला की निळं पडतं आणि विजेला जास्त अडवतं. काम अस्सल आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण त्या हीटरचा एक उपकार होता, तो बातमीत कुठेच नाही. तो मण्यावर ओल टिकू देत नसे. तरीही जुलै लागला की आमचं शून्य सरकायचंच, म्हणजे वायू नसतानाही आकडा शून्यावर राहायचा नाही. डबीतलं ओल शोषणारं निळं सिलिका जेल बघता बघता गुलाबी व्हायचं, मग ते तापवून पुन्हा निळं करायचं, हा पावसाळाभरचा उद्योग. आणि श्वास तर ओलाच! चष्म्याच्या काचेवर हाऽ केलं की दिसतं. त्या वाफेतून मधुमेह ओळखण्यासाठी ॲसिटोन शोधायचा, जो निरोगी माणसात साधारण दहा लाखांत एका भागाहूनही कमी असतो. कडक उपासाने धडधाकट माणसाचाही वाढतो तो भाग वेगळाच (साबुदाण्याची खिचडी हाणणाऱ्यांना त्यात धरू नये).

डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी हिच्या तोंडाला अमोनियाचा वास येतो. अर्धा कप चहा, तोही मोजून, आणि वर एक लवंग. डायलिसिस करून आली की वास उतरलेला असतो. हे सेन्सरला कळेल, मान्य. पण त्यातला बराचसा अमोनिया लाळेतल्या युरियापासून तोंडातलेच जिवाणू तयार करतात. गेल्या पावसाळ्यात एका कंपनीचा माणूस सोसायटीत असं यंत्र घेऊन आला होता. हिने फुंकर मारली, आकडा आला. चूळ भरून पुन्हा मारली, तर दुसराच! "सेन्सर गरम व्हायचाय अजून," म्हणाला. न तापवता चालणारा सेन्सर, आणि गरम कसला व्हायचाय?

पुढच्या वेळी अशी बातमी छापण्याआधी आपल्या वार्ताहराने एवढंच विचारावं: चाचणी सिलिंडरमधल्या कोरड्या वायूवर झाली की माणसाच्या श्वासावर? आणि कुठल्या महिन्यात?

– एक निवृत्त तंत्रज्ञ, वर्तकनगर, ठाणे (प.)