काठी वाचून दाखवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही त्या सकाळी पाण्याच्या काठावर माझ्यापाशी थांबलात, त्याला आता बरेच महिने झाले. निघताना मी नुसतं ‘थँक्यू’ म्हणाले होते. ते फार तोकडं होतं, म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय, कारण मासे धरायची, तुकडे सुटे होणारी जुनी प्रवासी काठी हाती आलेल्या आणखी कोणाला तरी तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

गळाची ती काठी मी वापरलेली म्हणूनच घेतली होती. पाच तुकडे, एक मळकी पिशवी आणि बुंध्यावर, म्हणजे मुठीकडच्या जाड टोकावर, पुसट झालेले दोनच आकडे: ७ आणि ६. सात फूट लांबी आणि सहा तुकडे असा अर्थ लावून मी एक तुकडा हरवला असं धरून बसले होते. मुठीवर रील, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, बसवायची स्क्रूची बैठकही नव्हती, फक्त कॉर्कवर दोन सैल धातूच्या कड्या. बैठक कोणीतरी काढून घेतली असणार आणि आपण मोडकी वस्तू उचलली, अशी माझी खात्रीच झाली होती. त्या दिवशी ती शेवटची जोडून पाहावी आणि मग देऊन टाकावी, असं ठरवूनच मी आले होते.

तुम्ही काठी हातात घेतलीत, पण जोडली नाहीत. खाली कापड पसरून पाचही तुकडे शेजारी शेजारी ठेवलेत आणि मला मोजायला लावलंत. चार तुकडे ४९ सेंटीमीटरचे, टोकाचा मात्र ४४ चा. ‘प्रवासी काठीचे तुकडे पिशवीत मावावेत म्हणून जवळपास सारखेच कापतात. एखादा आखूड दिसला तर आधी त्याच्याकडे बघ,’ हे तुमचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. मी बेरीज करून २४० सेंटीमीटर सांगितले, तेव्हा तुम्ही जोड दाखवलेत. प्रत्येक जोडात सुमारे ४ सेंटीमीटर आत जातात आणि जोड चार, म्हणजे १६ वजा करायचे. राहिले २२४. टोकाचे तुटलेले ५ मिळवले की २२९, आणि ७ फूट ६ इंच म्हणजे २२८.६ सेंटीमीटर. बुंध्यावरच्या दोन आकड्यांचा अर्थ एका क्षणात लागला. तुकडा हरवलाच नव्हता. टोक तेवढं मोडलं होतं आणि उरलेल्या टोकावर कोणीतरी दोरी ओवायची कडी पुन्हा चिकटवली होती. त्या क्षणाचा आनंद मी अजून विसरले नाही.

मग मूठ. त्या दोन सैल कड्या हीच रीलची बैठक होती! रीलचा पाय त्यांच्याखाली सारायचा आणि कड्या घट्ट दाबायच्या. त्यामुळे रील कॉर्कवर हवी तिथे बसते: मधोमध लावली तर साधी स्पिनिंगची, म्हणजे वजनदार आमिष फेकायची, अगदी खाली लावली तर फ्लायची, म्हणजे माशीसारखं हलकं आमिष फेकायची. नळीवरच्या दोरी ओवायच्या कड्यांपैकी पहिली मोठी आणि पुढच्या लहान होत जाणाऱ्या, त्यावरून ही दोन्ही कामांसाठी केलेली काठी असावी, असं तुम्ही म्हणालात. तपकिरी, जाडसर नळी पाहून फायबरग्लास ओळखलंत. जोडात धातू नाही, नळीवर नळीच बसते, म्हणजे ती १९६० च्या दशकाआधीची नसणार, हेही सांगितलंत. कार्बनच्या काठ्या १९७० च्या दशकात बाजारात आल्या, हे मला तेव्हाच कळलं. फायबरग्लास सावकाश वाकतं. त्याला घाई चालत नाही, आणि मला ते फार आवडतं.

सगळ्यात मोठा उपकार मात्र वेगळाच आहे. तिसऱ्या तुकड्याच्या तोंडाशी तुम्ही नख फिरवलंत, तो हलकेच वाकवलात आणि मला ऐकायला सांगितलंत. बारीकसा ‘टक्’ आवाज आला. केसाएवढी चीर होती. ‘आज हिने गळ टाकायचा नाही,’ असं तुम्ही ठामपणे म्हणालात. मी हिरमुसले होते, पण जोर लावून फेकलं असतं तर ती तिथेच फाटली असती. तुम्ही सांगितलंत तसा त्या तोंडावर बारीक दोरा एकाला एक लावून गुंडाळला आणि त्यावर इपॉक्सी गोंदाचा पातळ थर दिला. टोकाची कडी नीट सरळ बसवली, तीही गरम करून वितळणाऱ्या गोंदाने, म्हणजे पुढे कधी बदलावी लागली तर ऊब देऊन निघेल. इतर कड्यांमधून कापसाची वात ओढून पाहिली. एकीत तंतू अडकले, म्हणजे आत चीर होती, म्हणून ती बदलली. अशा चिरेवर दोरी घासून तुटते, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

तुमची एकेक सवय आता माझी झाली आहे. जोडाला तेल लावत नाही, मेणबत्तीचा तुकडा हलका घासते. जोडताना तुकडे थोडे तिरके बसवून, दाबत दाबत कड्या एका रेषेत आणते, आणि दर दहाबारा फेकींनंतर प्रत्येक जोड हाताने चाचपते. सैल झालेला जोड दिसत नाही, हाताला कळतो. गळ तळाला अडकला तर काठी वाकवून झटके देत नाही. ती दोरीच्या रेषेत धरते आणि ताण दोरीवरच जाऊ देते. मासा जवळ आल्यावर काठी उभ्यापलीकडे मागे नेत नाही, कारण तेव्हा सगळा भार नाजूक टोकावर येतो.

आमिषाच्या वजनाचं तुम्ही म्हणाला होतात, ‘तीन ग्रॅमपासून सुरू कर, काठीच सांगेल.’ तीन ग्रॅमला ती जागी होत नव्हती. सहा-सात ग्रॅमला मात्र बुंध्यापर्यंत वाकली आणि आमिष अलगद, लांब गेलं. दहाला ती जड वाटू लागली, तेव्हा थांबले. त्याच आठवड्यात पहिला मासा लागला. तळहाताएवढाच होता, पण एवढ्या हलक्या काठीवर त्याची प्रत्येक धडपड मनगटात जाणवत होती. ओल्या हाताने सोडवून मी त्याला परत पाण्यात जाऊ दिलं.

काठी आता प्रत्येक प्रवासात माझ्या पाठपिशवीत असते. घरी आले की तुकडे पुसून रात्रभर उघड्यावर ठेवते, कोरडे झाल्याशिवाय पिशवीत घालत नाही. फ्लायची रील अजून लावलेली नाही. तेवढं तुमच्याकडूनच शिकायचं आहे, काका. पुन्हा काठावर भेटलात तर तिच्यावरची फ्लायची पहिली फेक तुमच्या हातची असू द्या.

तुमची,
त्या पाच तुकड्यांची मालकीण