दंडाची पावती कोणाच्या नावाने फाटणार?

संपादक महोदय,

मतदानाचा टक्का घसरला की ‘मतदान सक्तीचं करा, न करणाऱ्याला दंड ठोका’ ही मागणी हमखास वर येते. रोख असतो सुटी घेऊन घरी लोळणाऱ्या शहरी मतदारावर, आणि तो राग काही खोटा नाही. २०२४ च्या लोकसभेला नागपुरात सुमारे ५४ टक्के मतदान झालं, आमच्या गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२. तेही मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत, आणि गडचिरोली जिल्ह्यात मतदान दुपारी तीनलाच संपत असताना.

पण आमच्याकडे जे राहून जातात, ते कोण? धान निघाला की या भागातून मजुरांच्या गाड्या भरून तेलंगणात मिरची तोडाईला जातात. नवरा-बायको दोघंही, कधी लेकरांसकट. नाव गावच्या यादीत, केंद्र गावच्या शाळेत. मतासाठी परतायचं तर रोजी बुडते, वर गाडीभाडं. कायद्याने रोजंदारालाही मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी आहे म्हणे. तोडाईच्या शेतावर ती मागून बघावी कोणी!

गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला, २०१५ मध्ये शंभर रुपये दंड ठरवला, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायदा आयोगानेही त्या वर्षीच्या २५५ व्या अहवालात सक्ती नको असंच म्हटलं. रास्त कारण असेल त्याला सूट देऊ, असं सक्तीवाले सांगतात. शहरातला माणूस डॉक्टरचं सर्टिफिकेट आणेल. मिरची तोडणारीने काय दाखवायचं? तिच्याकडे ना हजेरीपत्रक, ना पगाराची पावती.

ऑस्ट्रेलियाचा दाखला तर ठरलेलाच. तिथे १९२४ पासून सक्ती आहे, २० डॉलर दंड आहे, खरं. पण तिथे मतदान शनिवारी होतं, आधी जाऊन किंवा टपालानेही मत देता येतं, आणि आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर चालतं. त्यातला नेमका दंडच आपण उचलायचा?

निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये स्थलांतरितांसाठीचं दूरस्थ मतदान यंत्र दाखवायला राजकीय पक्षांना बोलावलं होतं. पक्षांनी आक्षेप घेतले, आणि २०२४ च्या निवडणुकीत ते यंत्र काही आलं नाही. आक्षेप असतील तर ते मिटवा आणि पहिली चाचणी तोडाईच्या मजुरांसाठी घ्या. दंडाचं त्यानंतर बोलू.

– एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर