एप्रिलची शाळा लहानग्यांना नको

राज्यातील शाळांचे वर्ष १ एप्रिलपासून सुरू करण्याच्या हालचालींची बातमी वाचली. वरच्या वर्गांबाबत मतभेद असू शकतात. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मात्र हा बदल नको. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस शाळा भरणे बंधनकारक आहे आणि जूनपासूनच्या वेळापत्रकात ते बसतात. मग तेच दिवस उन्हात सरकवून काय साधणार?

चंद्रपूर, अकोल्यात एप्रिलअखेर पारा अनेकदा ४३ अंशांपुढे जातो. म्हणूनच तर विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. आमच्या भागातील शाळांत सकाळपाळीतही दहा वाजता टिनाचे छप्पर तापलेले असते, टाकीच्या पाण्याला हात लावता येत नाही आणि सहा-सात वर्षांची मुले खिचडी अर्धी टाकून उठतात. पुढे घर गाठायचे तेही पायीच, अनेकांच्या पायात चप्पलही नसते.

एप्रिलपासून वर्ष सुरू करणाऱ्या सीबीएसई (केंद्रीय मंडळाच्या) शाळांशी बरोबरी करायचीच असेल तर आधी प्रत्येक वर्गाला शिक्षक द्या. वेळापत्रक बदलायचेच झाले, तर चौथीपर्यंतचा निर्णय जिल्ह्यांवर सोपवावा, ही शिक्षण विभागाला विनंती.

– एक पालक, यवतमाळ