सहज विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या लांबलचक पत्रात कामाची ओळ अगदी शेवटी, तीही ता. क. म्हणून: ‘तू जातोस त्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये नक्की करतात काय रे? विचारतोय आपलं सहज.’ बरं, सहज तर सहज. पण फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहायलाच बसलो.

आधी एक गोष्ट. ‘एक तारखेपासून एकदम बंद करतो, मगच येतो’ असं लिहिलंयस. तसं करू नकोस. सकाळी हात थरथरतात आणि थोडी पोटात गेल्याशिवाय थांबत नाहीत, हे तूच सांगितलं होतंस. अशा माणसाने दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या एक-दोन दिवसांत भास होतात, माणूस भ्रमात जातो आणि उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेततं. आधी डॉक्टरांना गाठ आणि रोज किती जाते ते खरं सांग. (आपण निम्मंच सांगतो, हे त्यांनाही ठाऊक असतं.) तेवढ्या दिवसांसाठी औषधं असतात. ते काम मीटिंगचं नाही.

आणि सोडूनच यायला हवं असंही नाही. मी जातो ती मीटिंग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटांची. तिथे सदस्यत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फॉर्म नाही, फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. आपण ‘व्यसनी’ आहोत की नुसतेच ‘जरा जास्त घेणारे’, याचा निकाल लावूनही जावं लागत नाही. तो निकाल लावण्यात माझी किती वर्षं गेली, ते तू पाहिलं आहेसच.

मीटिंग शोधणं सोपं आहे. त्यांच्या संकेतस्थळावर वार, वेळ, पत्ता असतो, हेल्पलाइनला फोन केला तरी सांगतात. ऑनलाइनही असतात. ‘ओपन’ असेल तर कोणीही नुसतं ऐकायला बसू शकतं, ‘क्लोज्ड’ असेल तर ज्यांना सोडायची आहे त्यांच्यापुरती. निघण्याआधी फोन मात्र कर, यादीतल्या जागा-वेळा कधीकधी बदललेल्या असतात.

आत गेल्यावर काय? खुर्च्या मांडलेल्या असतात. एक जण सुरुवातीचा मजकूर वाचतो, मग एकेक जण नाव सांगून बोलतो. त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. माझ्या पहिल्या मीटिंगमध्ये इस्त्रीच्या शर्टातले एक काका बाटली कुठे कुठे लपवायचे ते सांगत होते. बुटांचं खोकं, जुन्या सूटकेसचं अस्तर, एकदा तर पाण्याच्या टाकीत दोरीला बांधून. खोलीतले सगळे खो खो हसले, काकाही. दारूवरून माणसं अशी हसू शकतात हे मी प्रथमच पाहत होतो. माझी पाळी आली तेव्हा ‘आज फक्त ऐकतो’ एवढंच म्हणालो. पुढच्याने लगेच सुरुवात केली, कोणी वळूनही पाहिलं नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरली. खिशात हात घातला तर शेजारचा म्हणाला, ‘नवीन आहात ना? राहू दे.’

‘माझं रडगाणं त्यांनी का ऐकावं’ असं तू म्हणशील. तर ऐक. हे सगळं 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी सुरू झालं. बिल विल्सन हा शेअर दलाल, दारू सुटून जेमतेम काही महिने झालेले. धंद्याचा व्यवहार फिसकटला, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या लॉबीत बार समोरच. त्याने काय करावं? फोनमागून फोन लावून आपल्यासारखा दुसरा पिणारा शोधला. भेटला एक सर्जन, डॉ. बॉब स्मिथ. डॉक्टर पंधराच मिनिटं द्यायला तयार होते, बसले काही तास. बिल त्यांना वाचवायला गेलाच नव्हता, स्वतःला त्या दिवशी प्यायला लागू नये म्हणून गेला होता. म्हणजे तू दारात उभा राहिलास की जुन्यांचाच फायदा. उपकार कोणावर कोणाचे, ते तूच ठरव.

देवाचं म्हणशील, तर हो, दारू सोडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो, ‘ज्याला जसा उमजेल तसा’ अशा सवलतीसह. माझं अजून त्याच्याशी पटलेलं नाही, तरी जातो. अगदीच खटकलं तर स्मार्ट रिकव्हरी म्हणून दुसरे गट आहेत, 1994 पासूनचे. तिथे देव नाही, विचारांच्या सवयी बदलण्यावर भर. आणि एक गट नाही रुचला तर दुसरा पाहा. एका गटात एक गृहस्थ इतके लांबण लावायचे की मी वारच बदलला.

वहिनींसाठीही आहे, अल-ॲनॉन, घरच्यांचा वेगळा गट. त्यांना सांग, तू आलास नाहीस तरी त्यांना जाता येतं.

डॉक्टरांची वेळ कधीची मिळाली ते कळव. त्यानंतरचा पहिला वार धरू. ओपन मीटिंग निवडतो, मागच्या रांगेत बसू, बोलू नकोस.

तुझाच